सव्वा लाखाची फळी

माझा धंदा लोखंडाचा आहे. भोसरी एमआयडीसीत लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. जिने, ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड आणि कुणी मागितल्या तर मांडण्या. तेव्हा पुढे जे लिहितेय त्यात माझा स्वार्थ आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. खरं तर स्वार्थी असते तर गप्प बसले असते. भिंतीला फळी कशी लावावी हे लोकांना कळत नाही, या एका गोष्टीवर बऱ्याच जणांचे संसार चालतात. त्यात थोडाफार माझाही.

बंगलेवाल्यांत आणि रो-हाउसवाल्यांत सध्या एक नवीन खूळ आहे. स्वयंपाकघर झालं, बेडरूम झाली, देवघरसुद्धा मॉड्युलर झालं. आता गाडी उभी करायच्या जागेत 'गॅरेज स्टोरेज'. परवा एका गृहस्थांनी मला त्यांना आलेलं कोटेशन दाखवलं. एक भिंत, तीन फळ्या, खाली दोन बंद कप्पे. आकडा सव्वा लाख, जीएसटी वेगळा. सोबत गुळगुळीत रंगीत चित्रं: राखाडी भिंत, पांढऱ्या फळ्या, फळीवर एक हेल्मेट, एक कुंडी आणि वेताची टोपली. चित्रात गाडीही होती, ती त्यांच्या गाडीपेक्षा महागाची. मी सगळी पानं उलटून पाहिली. फळी किती किलो पेलेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हँडलच्या रंगाला मात्र तीन पर्याय होते.

"भिंत कशाची आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वीट, ब्लॉक की काँक्रीट?"

"ते बिल्डरला माहीत असेल. मॅडम, तुम्ही फक्त रेट सांगा."

हे गृहस्थ इंजिनिअर आहेत. मेकॅनिकल. पुण्यात 1854 पासून इंजिनिअरिंग शिकवलं जातंय, आणि पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय असतो. त्यात सुतारकामाचा एक जॉब करावा लागतो, बहुतेक वेळा हाफ लॅप जॉइंट. तो किती जणांनी स्वतःच्या हाताने करवतला आणि किती जणांनी सीनियरकडून नाहीतर वर्कशॉपच्या मदतनिसाच्या हातावर नोट ठेवून पैदा केला, हे ज्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्या वर्षी हीच मंडळी कँटिलिव्हरची गणितं सोडवून पैकीच्या पैकी मार्क घेतात. भिंतीतून पुढे आलेली फळी म्हणजे तोच कँटिलिव्हर आहे, हे त्यांना पुढे आयुष्यभर सुचत नाही. गणित वहीत आणि फळी गॅरेजात; मधे मोबाइलवरचं कोटेशन.

आता त्या सव्वा लाखात माल काय आहे ते बघू. प्री-लॅम पार्टिकल बोर्ड. विकणारा त्याला भारदस्त इंग्रजी नाव देतो, पण आत आहे लाकडाचा छिलका आणि भुगा, कधी उसाचं चिपाड, रेझिनमध्ये कालवून दाबलेलं. वर लॅमिनेटचा कागद. वस्तू वाईट नाही, हेही सांगते. कोरड्या खोलीत, कपाटाच्या उभ्या बाजूला तो वर्षानुवर्षं उभा राहतो, आणि चिपाडाला काही उपयोग मिळाला तर आनंदच आहे. पण गॅरेजात, आडवी फळी म्हणून? जून ते सप्टेंबर गाडी पाणी निथळत आत येते. कडेची चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचलली गेली की बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि फुगलेला परत कधी बसत नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा लावला तर धरत नाही. आणि सतत वजन राहिलं की हळूहळू वाकतो, आणि वजन उतरवल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते या बोर्डाच्या बाबतीत आकड्यासकट खरं आहे.

प्लायवूडमध्येही फसवाफसवी आहे, पण तिथे निदान शिक्का वाचता येतो. आयएस 303 मध्ये दोन जाती: एमआर आणि बीडब्ल्यूआर. दुकानदार ज्याला 'कमर्शियल' म्हणून पुढे करतो तो एमआर, दमट हवेपुरता. बीडब्ल्यूआर पाण्याला बराच अधिक टिकतो. आयएस 710 म्हणजे मरीन, त्याच्या वरचा. गॅरेजला बीडब्ल्यूआर पुरतो. "मॅडम, 710च घ्या, लाइफटाइम आहे" असं सांगणाऱ्याला विचारा, ज्या भिंतीला तो टांगायचाय ती किती दिवसांची आहे.

खरा प्रश्न भिंतीचाच आहे. लोक फळीवर खर्च करतात, फळीचा रंग ठरवायला नवरा-बायको दोन रविवार भांडतात, आणि फळी ज्याच्यावर टिकणार त्या भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पोपडे नाहीत ना, मग झालं.

भिंत ओळखायला इंजिनिअर लागत नाही. जिथे पुढे फळी येऊन झाकलं जाणार आहे तिथे एक बारीक भोक पाडा आणि खाली पडणारी पूड बघा. सुरुवातीची राखाडी किंवा पांढरी पूड प्लास्टरची. ती धरू नका. नंतर लाल पूड आली तर वीट. राखाडी पूड, ड्रिल ओरडतंय आणि पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. हल्ली ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींमध्ये घरातल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात. आणि ड्रिल सुळकन आत गेलं, पिठासारखी फिकी पूड सांडली, तर ती भिंत एएसी ब्लॉकची आहे. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या बहुतेक टॉवरमधून आणि नव्या रो-हाउसमधून हाच ब्लॉक आहे.

एएसीला नावं ठेवायला मी बसलेली नाही. 1920च्या दशकात स्वीडनमध्ये योहान ॲक्सेल एरिकसनने तो शोधला. सिमेंट, चुना, राख यांच्या काल्यात ॲल्युमिनियमची पूड टाकली की वायूचे बुडबुडे होऊन काला फुगतो, मग तो वाफेच्या दाबाखाली पक्का करतात. घनमीटरला 550 ते 650 किलो, विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन. इमारतीवरचा भार कमी, घरात उष्णता कमी, वीटभट्टीसाठी शेतातली माती खरवडावी लागत नाही. गुण पुष्कळ आहेत. पण जो ब्लॉक मुळात बुडबुड्यांचा आहे त्याच्यावर ड्रिलचा हॅमर सुरू करणं म्हणजे खारी बिस्किटाला खिळा ठोकणं. भोक आठ मिलिमीटरचं पाडायला जावं आणि बाराचं होतं. त्यात स्क्रूची साधी प्लास्टिकची गिट्टी गोल फिरते. बसवणारा काय करतो? काडेपेटीतल्या काड्या कोंबतो, वर व्हाइट सिमेंट फासतो, स्क्रू आवळतो, फळीवर हात आपटून "एकदम टाइट" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. भिंत एएसीची असेल तर हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरणारं ड्रिल वापरायचं. त्यासाठी लांब, पंख असलेल्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, जड काम असेल तर केमिकल अँकर. हे सगळं दुकानात असतं. मागत कुणी नाही.

आणि ती बिचारी गिट्टी. प्लास्टिकचा तो तुकडा आपण पाकिटातून ओततो, दोनचार सांडल्या तर वाकून उचलतही नाही. त्यामागे डोकं चाललेलं आहे हो. लंडनचा कंत्राटदार जॉन रॉलिंग्ज, 1911च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान बसवताना भिंतींची नासाडी नको म्हणून तागाच्या धाग्यांची चिकटवलेली नळी काढतो. भोकात ती, तिच्यात स्क्रू, स्क्रू शिरला की नळी फुगून भिंतीला धरते. 1958 मध्ये जर्मनीत आर्टुर फिशरने ती नायलॉनची केली. त्याआधी आपले सुतार छिनीने चौकोनी भोक पाडून लाकडाची गिट्टी ठोकत, तीही पक्कीच असे. गिट्टी धरते ती भिंतीच्या जिवावर, प्लास्टरच्या नाही, हे त्या सुताराला कळत होतं. आज बाजारात सर्रास मिळतो तो 35 मिलिमीटरचा स्क्रू. प्लास्टरची जाडी बारा-पंधरा धरा, बाहेरच्या बाजूला वीसही. म्हणजे विटेत शिरला किती? बोटाच्या एका पेराएवढा. त्यावर रंगाच्या बादल्या.

विटेच्या भिंतीला जड फळी लावायची तर दहा मिलिमीटरची नायलॉनची गिट्टी आणि प्लास्टर सोडून विटेत निदान 60 मिलिमीटर आत जाईल एवढा कोच स्क्रू. भोक विटेत घ्यायचं, दोन विटांमधल्या सांध्यात नाही. भोकातली पूड फुंकून, ब्रश घालून साफ करायची. पुडीत बसलेली गिट्टी घसरते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक घ्यायचं नाही, तिथे आत वायरी असतात. एवढंच ज्ञान आहे. मात्र ते दुकानात विचारायला गेलात तर कोणाशी बोललं जातं तेही सांगते. टेप माझ्या हातात, यादी माझ्या हातात, आणि काउंटरवरचा माणूस माझ्यामागे उभ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला विचारतो, "साहेब, कुठला साइज देऊ?" ड्रायव्हर बिचारा माझ्याकडे बघतो.

बसवायला येणाऱ्या पोराला शिव्या देणं सोपं आहे. तो अमुक भिंतीचे इतके, तमुक घराचे तितके अशा ठरलेल्या पैशांवर येतो, संध्याकाळपर्यंत त्याला आणखी दोन साइट उरकायच्या असतात, आणि भिंत ब्लॉकची निघाली तर वेगळ्या गिट्टीचे पैसे त्याला कुणी देत नाही. तो राजस्थानातून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेला असतो. मग आपली मंडळी हळहळतात, मराठी सुतार कुठे गेला म्हणून. ज्याने तीन पिढ्या यांच्या आजोबांची फडताळं केली, त्याला कपात चहा कधी दिला होता तेवढं एकदा आठवा, मग हळहळा. हाताने काम करणाऱ्याला दारातच उभा ठेवायचा आणि हाताच्या कामाचं ज्ञान मात्र घरात आपोआप यावं, अशी आपली अपेक्षा.

आता ते यायला लागलंय, अमेरिकेहून, व्हिडिओतून. तिकडचा गोरा माणूस गॅरेजच्या भिंतीवर एक छोटं यंत्र फिरवतो, ते बीप करतं, तिथे तो स्क्रू मारतो आणि तासाभरात भिंतभर फळ्या. आपल्याकडच्या एका हौशी गृहस्थांनी ते यंत्र ऑनलाइन मागवलं. अहो, तिकडची घरं लाकडी सांगाड्याची असतात. दर 16 इंचांवर एक उभं लाकूड, वर अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा. पत्रा काही पेलत नाही म्हणून आतलं लाकूड हुडकायला ते यंत्र. सापडलं की त्यात आडवी लाकडी पट्टी लांब स्क्रूंनी ठोकून बसवायची आणि फळीचा सगळा भार त्या सांगाड्यात न्यायचा. तिकडची पद्धत तिकडच्या भिंतीला अगदी बरोबर आहे. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर ते यंत्र फिरवून यांना काय सापडणार? सापडलं तर वायर सापडेल. त्या व्हिडिओतून घेण्यासारखी गोष्ट एकच होती: तो माणूस आधी आपली भिंत ओळखतो. यांनी नेमकी तीच सोडून यंत्र घेतलं.

ब्रॅकेटकडे येऊ, कारण माझं पोट त्यावर आहे. दुकानात मिळणारा दाबलेल्या पत्र्याचा छोटा एल बघितला असेल. लोक तो लावतात आणि वर आडवा हात लांब, उभा हात आखूड असा उलटा लावतात, कारण तसा तो 'दिसायला बरा' दिसतो. आता हिशेब करा, ढोबळच. फळीवर 80 किलो, चार ब्रॅकेट, प्रत्येकी 20. फळी 40 सेंटिमीटर खोल, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून 20 सेंटिमीटरवर. हे वजन ब्रॅकेटला खाली तर दाबतंच, शिवाय वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढतं. वरचा स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या टेकणीपासून 40 सेंटिमीटर उंच असेल तर ती ओढ 10 किलोची. 10 सेंटिमीटर उंच असेल तर 40 किलोची. तीच फळी, तेच वजन, तीच भिंत, चौपट ओढ. उभा हात लांब ठेवा, दोन्ही हातांना जोडणारा तिरपा आधार द्या. हे सांगायला कुणाला कन्सल्टंट लागत असेल तर त्याने तो खुशाल नेमावा.

आणि यावर कडी म्हणजे 'फ्लोटिंग' फळी. ब्रॅकेट दिसायला नको. भिंतीत दोन सळया, त्यावर पोकळ फळी सरकवली की हवेत तरंगल्यासारखी दिसते. बैठकीत, एखाद्या फोटो फ्रेमसाठी ठीक. गॅरेजात कशाला? "ताई, लोखंड दिसलं की गोडाउन वाटतं हो," एक बाई मला म्हणाल्या. बाई, ते गोडाउनच आहे. तिथे टायर आहे, पंप आहे, गंजलेली कुदळ आहे, गादीखालचा मोडका पलंग आहे. पाहुणे गॅरेजात बसवून तुम्ही पोहे देणार आहात का?

गोडाउनचा एवढा तिटकारा असलेल्यांनी एकदा औषधाच्या कुठल्याही दुकानात, किराणा भुसाराच्या मागच्या खोलीत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये डोकावून यावं. छिद्रांच्या अँगलचे रॅक. लंडनमध्ये छापखाना चालवणाऱ्या दिमित्रिअस कोमिनो नावाच्या माणसाला सारखे रॅक मोडून नवे करायचा कंटाळा आला, म्हणून त्याने हा भोकांचा अँगल काढला आणि 1947 मध्ये बाजारात आणला. नटबोल्टाने जोडा, हवा तसा उंच करा, घर बदललं तर सोडवून न्या. त्याचे पाय जमिनीवर असतात. भिंत एएसीची असेल आणि सामान खरोखर जड असेल तर माझं ऐका, भिंतीला काही टांगू नका. उभे अँगल जमिनीवर टेकवा, भिंतीला नुसते दोन ठिकाणी बांधा, पुढे कलंडू नये इतपत. माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगतेय: या रॅकला वेल्डिंग लागत नाही.

जुन्या पुण्यातल्या बंगल्यांच्या कोठीघरात कडप्प्याच्या मांडण्या असत. अजून काही ठिकाणी आहेत. काळा दगड, विटेच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी घुसवलेला, दोन-तीन फुटांचा गाळा. त्यावर धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पितळी हंडे. त्या हलल्या नाहीत. जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाही. जुन्या घरांतलं बरंच काही भिकार होतं, संडासापासून सुरुवात करा. कडप्पा टिकला त्याची कारणं सांगता येतात: गाळा लहान, दगड भिंतीच्या आत रुतलेला, भार सरळ खाली. आज आठ फुटांची फळी दोन टोकांना दोन आधार देऊन लावतात आणि वर्षभरात तिला पोट सुटलं की कंपनीला फोन करतात. आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि सामान तितक्याच दाटीने भरलं तर फळीचा झोल सोळापट होतो. दुप्पट नाही. सोळा. तेच 12 ऐवजी 18 मिलिमीटरचा प्लाय घेतला तर ताठरपणा सव्वातीन पटीहून जास्त वाढतो. आणि पुढच्या कडेला दोन इंचांची लाकडी पट्टी उभी करून ग्लूने, स्क्रूने पक्की केली तर फळीला खऱ्या अर्थाने कणा येतो. हे सगळं कोटेशनमध्ये का नसतं? कारण यात विकण्यासारखं काही नाही.

सामानाबद्दल थोडक्यात बोलते, नाहीतर लेख त्यातच जाईल. 2018च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलही आला, तरी कितीतरी गॅरेजांत गणपतीचं थर्माकोलचं मखर अजून जपून ठेवलेलं आहे. टीव्हीचा रिकामा खोका, वॉरंटी संपली तरी. पंचवीस वर्षांपूर्वीचं चेतकचं कव्हर, स्कूटर विकून टाकलेली. याला सव्वा लाखाची फळी काय, दोरीसुद्धा नको. याला घंटागाडी हवी. जे खरं ठेवायचं आहे त्याचं वजन मात्र कुणी करत नाही. 20 लिटरची रंगाची भरलेली बादली पंचवीस किलोच्या वर जाते. पुस्तकांची मीटरभर रांग 30 किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे. ती फळीवर ठेवणाऱ्याला मी फळी करून देत नाही. जड ते खाली, हलकं ते वर.

सोसायट्यांतले लोक म्हणतील, आमच्याकडे गॅरेजच नाही. बरोबर आहे. 2016च्या रेरा कायद्यात गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. तुम्ही गाडी लावता ते स्टिल्टचं पार्किंग, आणि ते बिल्डरला सुटं विकता येत नाही, असा मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निकाल दिला होता. पण जागेचा वाद बाजूला ठेवा. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. लोक तिथे भिंत नाही म्हणून पिलरला फळ्या ठोकतात! पिलरच्या सळयांवर काँक्रीटचं आवरण असतं ते इंच-दीड इंचाचं. त्यात ड्रिल घालून सळई लागली की माणूस थांबत नाही, जोर लावतो. त्या भोकातून ओल आत जाते, सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट सुटतं. खाली नुसते पिलर आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना मुळातच भूकंपात नाजूक असते. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या भूकंपात दूर अहमदाबादेत अशा इमारती बसल्या. त्या पिलरला तुम्ही झाडूची खुंटी ठोकताय. सोसायटीची कमिटी पाळीव कुत्र्यांवर तीन-तीन सभा घेते. पिलरच्या भोकांवर एक नोटीस लावायला तिला काय होतं?

आता पैसे. माझे दर सांगते, तुमच्या गावात दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील. 18 मिलिमीटर बीडब्ल्यूआर प्लायचा आठ बाय चारचा एक ताव, चौरस फुटाला शंभर धरले तर 3,200 रुपये. दुकानातच उभे तीन भाग करून घ्या. आठ फूट लांब आणि जेमतेम 16 इंच रुंद अशा तीन फळ्या. अँगल 25 बाय 25 बाय 3, मीटरला 1.1 किलो. उभा हात 40 सेंटिमीटर, आडवा 38, तिरपा 50च्या आसपास. एक ब्रॅकेट दीड किलोच्या आत. कापणी, वेल्डिंग, घासाई, रेड ऑक्साइडचा हात धरून 200 रुपये. फळीला चार, एकूण 12: 2,400. गिट्ट्या आणि कोच स्क्रू 24, त्यांचे 600. पुढच्या पट्ट्या, ग्लू, रंग हजार. स्वतः लावलंत तर 7,200 रुपये. माणूस लावला तर त्याला पूर्ण दिवसाचे 2,000 द्या, घासाघीस न करता, आणि चहा कपात. दहा हजारांच्या आत 24 फूट फळी, नऊ इंची विटेच्या भिंतीवर दर फळीला 80 किलो, हे मी लेटरहेडवर लिहून देते. फळी आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा, पावसाळ्यात भिंत ओलावते. बंद कप्पे हवे असतील तर पुण्यात जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी; लोखंडी कपाटं ढिगाने मिळतात.

उरलेले एक लाख पंधरा हजार कशाचे होते? चित्रांचे, वेताच्या टोपलीचे, आणि 'मला यातलं काही कळून घ्यायचं नाही' या वाक्याचे. मोठा वाटा या वाक्याचा. कोटेशन देणारा लुटारू नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो, आणि गिऱ्हाईक रंग मागतं.

राहिला बिल्डर. ज्याला 'माहीत असेल' असं सगळे म्हणतात तो. कोट्यवधीचं घर ताब्यात देताना तो पेढे देतो, किल्लीला रेशमी फीत बांधतो, फोटो काढतो. कोणती भिंत विटेची, कोणती ब्लॉकची, कोणती काँक्रीटची, वायरी आणि नळ कुठून गेलेत, कुठे ड्रिल चालेल आणि कुठे नाही, एवढा एक कागद देत नाही. साध्या मिक्सरबरोबर माहितीपत्रक येतं. घराबरोबर येत नाही, आणि घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. रेरा कायद्याचं कलम 19(5) वाचा. ताबा मिळाल्यानंतर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे मिळण्याचा हक्क ते तुम्हाला देतं. बिल्डरला लेखी पत्र द्या, भिंतींचा आणि वायरिंगचा नकाशा मागा, पोच घ्या, आणि सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या त्याच पत्रावर घ्या.